दोन चिपांचा डबा

आमच्या आबांचा काष्टी गावात स्पीकरचा धंदा होता. वरातीत बॉक्सशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान पार गेला. आई कायम उजवीकडं बसायची, नाहीतर हाका मारून तिचा घसा सुकायचा.

आई गेली. मागं राहिलं ते मोबाईलमधलं एक रेकॉर्डिंग. मोबाईल समोर तांब्याला आडवा टेकवून तिनंच ते केलेलं. मेथी निवडता निवडता जयंतीचं गाणं म्हणतेय. आबा ते रोज लावायचे आणि रोज माझ्यावर चिडायचे, "डब्यात तोंड घालून बोलल्यावानी येतंय. तुला एवढं कळतं ना? मग नीट ऐकव की मला ती."

मला ॲम्प्लिफायर बांधायचं खूळ. मोबाईलमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे. त्यांचा आवाज करते ती डॅक नावाची चिप. मोबाईलच्या दोन टोकांचे माइक डावी-उजवी बाजू वेगळी धरतात, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच चिपवर भागवतात. म्हटलं, आईच्या बाबतीत चिंधीगिरी नको. नवा डबा बांधला, त्यात दोन घातल्या, बाजूगणिक वेगळी. एकीचा आवाज दुसरीत मिसळायचं नावच नको.

डबा जोडला आणि अहो, काय सांगू! डाव्या स्पीकरमधून आईच आली. मेथीची काडी मोडलेली ऐकू आली. आबांना रडू आवरेना.

तेवढ्यात उजवीकडून दुसराच आवाज आला. मोबाईलवर तो नुसती खरखर वाटायचा.

"बास कर की आता. डोकं उठलं माझं."

आबांचाच आवाज. आईनं हळूच "बरं" म्हटलं आणि गाणं तुटलं. ते तिथं संपतं, असंच आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो.

आबांचं तोंड एवढंसं झालं. "मला तर आठवत बी न्हाई रं," म्हणाले. मग म्हणाले, "ती बाजू बंद कर."

मी उजवी बाजू बंद केली. परत लावलं. आबांचं बोलणं गेलं. आई मात्र त्याच जागी थांबली. बरं म्हणाली.

मला तो डबा उचलून आपटावासा वाटला. कशाला केला मेला!

आबा अजून तो रोज लावतात, एकच बाजू. खुर्ची फिरवून चांगला कान तिच्याकडं करतात. ती थांबायची जागा आली की पुढं वाकतात.

"म्हन गं," म्हणतात. "म्हन की. मी काय बोलत न्हाई."