पट्टीवाले डॉक्टर

तमाम वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, जालना शहरात एके काळी हसण्यास सक्त मनाई होती. ही मनाई निजाम सरकारची नव्हती. मस्तगड भागातल्या एका लांबट खोलीपुरताच हा कायदा होता. खोलीत ओळीनं खाटा होत्या. प्रत्येक खाटेवर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेला एकेक जीव उताणा पडलेला असे आणि डोकं हलू नये म्हणून त्याच्या दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावलेल्या असत. हसायचं नाही, खोकायचं नाही, कूस बदलायची नाही. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची जखम तेव्हा नुसत्या निजून राहण्यानं भरायची, आणि एका ठसक्यानं उघडायची.

हा कायदा करणारे आमचे पट्टीवाले डॉक्टर मात्र जालन्यातले सर्वांत विनोदी गृहस्थ होते.

ते बोलायचे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलायचे. स्टेशनात मालगाडीच्या डब्यात चढून बसलेला आणि उतरायला तयार नसलेला बैल, जिनिंगच्या भोंग्याला घाबरून पळालेलं लग्नाचं घोडं, असलं काहीबाही. एखाद्या खाटेवर पोट गदगदायला लागलं की दरडावायचे, "हसायचं न्हाई, पाटील. हसू बांधून ठिवा, घरी जाऊन सोडा. डोळा गेला तर मालकीणबाई मला इचारतील." बोलताना त्यांची तीन बोटं रोग्याच्या कपाळावर टेकलेली असत आणि बोलण्याच्या ठेक्यावर हलकेच ताल धरत. मी एकदा विचारलं, एवढं बोलता कशाला? ते म्हणाले, "मास्तर, अंधारात पडलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. आपण एकटेच आहोत असं वाटलं की तो उठून बसतो. उठला की डोळा गेला."

मी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याच घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत डॉक्टर. बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापानं गेलेली, पुन्हा लग्न केलं नाही. दिवसभर दवाखान्यातून त्यांचा आवाज यायचा; पण मधलं दार ओढून ते मागच्या खोल्यांत गेले की एक शब्द ऐकू यायचा नाही. ताटात भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज वर यावा, इतकी ती शांतता. मी जाऊन बसलो तर म्हणायचे, "या," आणि पुढं काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. एकदा स्वतःच म्हणाले, "पट्टी बांधलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं, मास्तर. तो उठून जात नाही."

पट्टी उघडायचा दिवस म्हणजे नाटकाचा शेवटचा अंक. रोग्याच्या घरची माणसं समोर उभी करायची, आणि डॉक्टर स्वतः खाटेच्या डोक्याशी, रोग्याच्या पाठीमागं. तिथूनच पट्टी सोडायचे. "पहिलं तोंड आपल्या माणसाचं दिसावं. माझं पाहून काय उपेग?" सुरुवातीला रोग्याला सगळं धुरकटच दिसायचं. जाड भिंगांचा चष्मा मिळायचा पुढं महिन्या-दीड महिन्यानं, तोही नव्या जालन्यातल्या चष्मेवाल्याकडून. त्यामुळं गंमत अशी झाली, की आंधळे आलेले आणि डोळस होऊन गेलेले शेकडो लोक या माणसाला ओळखायचे ते फक्त आवाजावरून. चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता.

डॉक्टरांनी याचा खेळ केला होता. बाजारात एका कापडवाल्या शेटजींचे दोन्ही डोळे त्यांनीच केलेले. दुकानासमोर जाऊन ते मुद्दाम उजेड अडवून उभे राहायचे. उजेड पाठीमागं असल्यानं दर वेळी त्यांचं तोंड नुसतं काळंच दिसायचं, आणि शेटजी चष्म्यातून बघून म्हणायचे, "भाऊ, जरा बाजूला हो, उजेड सोड." मग डॉक्टर हळूच म्हणायचे, "शेटजी, मुंडी बिलकुल हलवायची न्हाई." शेटजींच्या हातातला कापड मोजायचा गज तिथल्या तिथं थांबायचा. मग उठून हात जोडणं, चहा, आणि दुकानभर हशा. घरी परतताना डॉक्टर लहान मुलासारखे खूश असायचे. शाळेच्या संमेलनात मी त्यांची नक्कल केली तेव्हा पहिल्या रांगेत बसून त्यांनी ती ऐकली आणि एवढंच म्हणाले, "चांगली आहे. पण मी एवढा घाईत बोलत नाही."

एका पावसाळ्यात त्यांचा घसा बसला. दसरा झाला तरी सुटेना. लोक म्हणाले, जास्त बोलल्यानं झालं. डॉक्टरांना स्वतःला मात्र कळलं होतं, ही गळ्यातली गाठ आहे. ते मुंबईला गेले आणि परत आले तेव्हा गळ्याला मफलर होता. मफलरच्या खाली श्वास घ्यायला एक भोक, आणि आवाज मुंबईतच राहिला होता. हातात पाटी-पेन्सिल. आता तुम्हीच सांगा, दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसाला पाटी काय दाखवायची?

तरी त्यांनी एक डोळा केला. शेतकरी होता, जाफराबादकडचा. तिसऱ्या प्रहरी तो अंधारात म्हणाला, "कोणी हाय का?" डॉक्टर हातभर अंतरावर होते. उत्तर देता येईना म्हणून त्यांनी घाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शांततेतून अचानक आलेल्या त्या हाताला भिऊन तो माणूस ताडकन उठून बसला. डोळा गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या खाटा भिंतीला उभ्या लावून ठेवल्या.

त्यानंतर मी त्यांना बळंच बाजारात नेलं. कापडाच्या दुकानासमोर त्यांचे पाय सवयीनं थांबले. "भाऊ, उजेड सोड," शेटजी म्हणाले. डॉक्टर बाजूला सरकले. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं. घरी आल्यावर पाटीवर लिहिलं, "राहू द्या, मास्तर. त्यांना दिसतंय ना?"

नंतर ते फार वर्षं जगले नाहीत. निजामी संपली त्याच हिवाळ्यात गेले. बातमी खेड्यापाड्यांत पोचली आणि जाड चष्म्यांची माणसं बैलगाड्यांतून आली. ओट्यावर ठेवलेल्या देहाजवळ वाकून वाकून बघत होती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. मात्र त्या गर्दीत असेही काही होते, ज्यांचे डोळे आवाज गेल्यानंतर केलेले होते. म्हणजे खाटा पुन्हा आडव्या झाल्या होत्या. त्या कशा झाल्या हे सांगायचं राहिलं.

वाटूरच्या कौसाबाईचा एक डोळा आदल्या वर्षी झाला होता, दुसऱ्याचा वायदा होता. ती मुलाबरोबर आली, मफलर गुंडाळलेल्या डॉक्टरांकडे चष्म्यातून सरळ बघत म्हणाली, "डाक्टर कुठं गेले, दादा?" डॉक्टरांनी मान खाली घातली. मी म्हणालो, डॉक्टर आता डोळे करत नाहीत. ती उंबऱ्यावरच बसली. "एवढ्या लांबून आल्ते मी. सांगा त्यास्नी, कौसा आलीय. केल्याबिगर जात न्हाई."

दुपारपर्यंत ती हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी माझ्यापुढं पाटी धरली. "मी हात चालवतो. तुम्ही बोला. घाई करू नका."

तर मंडळी, माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी भूमिका मी त्या खोलीत केली. चष्मा काढल्यावर म्हातारीला उजेडापलीकडं काही कळत नव्हतं. मी डॉक्टरांच्या खांद्यामागून त्यांच्या आवाजात बोललो, धीर दिला, दरडावलं. शस्त्रक्रिया झाली. पट्टी बांधली, वाळूच्या पिशव्या लावल्या. कौसाबाई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, जिंकलो. मग डॉक्टर शेजारी बसले, त्यांनी तीन बोटं तिच्या कपाळावर टेकली आणि हलकेच ताल धरला. मी मालगाडीतला बैल सुरू केला. बैल डब्यात चढतोय तोच, ओठांखेरीज काहीही न हलवता, म्हातारी बोलून गेली,

"बोटं तुमचीच हायेत, डाक्टर. मंग हा दुसरा कोण मधीच बडबड करून राह्यला? त्याला गप करा. मी हलत न्हाई."