माळ्यावर आधी कोण
ओल्या गाळाचा वास आला की दासगावचं घर आठवतं. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. “घर सांभाळ, विश्वास सांभाळ,” असं आईला बजावून बाबा आफ्रिकेतल्या मिशनच्या दवाखान्यात सेवेला गेले होते. त्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आईने आधी मला माळ्यावर चढवलं, मग बायबल, म्हणजे बाबांचं ‘शास्त्र’. पाणी ओसरल्यावर बाबांचा फोन लागला. त्यांनी पहिलं विचारलं, “शास्त्र सुखरूप हाय ना?” आई म्हणाली, “हाय. पोरगीपण हाय.” आणि फोन माझ्या हातात कोंबून ती गाळ उपसायला गेली. आज आफ्रिकेतल्या त्याच दवाखान्यात मी नर्स आहे. आई गेली, परतलेले बाबा दासगावच्या घरी एकटेच. काल नदी चढतेय कळलं म्हणून फोन केला. “शास्त्र माळ्यावर ठेवलंय,” ते म्हणाले. “आणि तुम्ही?” “हात पोचतो गो, पाय नाय चढत.”