तलवाड्याचा नापास कुत्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. बंड्याला सांगायची गरज नव्हती — तो तिथेच होता. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी तलवाड्याच्या हायस्कुलात खेळाचा शिक्षक. गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. माझ्या हाताखालची पोरं जिल्ह्यापर्यंत खेळून आली, हे मी ज्याला त्याला ऐकवतो. तुम्हालाही ऐकवलंच बघा. बंड्या आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, एक कान कायम पडलेला. माझी बायको लता गेवराईला विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. एकदा तिने सहज बंड्याला सोबत नेलं. तिच्या वर्गात मुक्ता नावाची मुलगी होती. कुणी हात लावला की किंचाळायची, कुणाजवळ बसायची नाही. ती आपणहून बंड्याशेजारी जाऊन बसली आणि त्याच्या पडलेल्या कानाला बोट लावलं. ते सांगताना लता रडली. मग दर गुरुवारी बंड्या शाळेत जाऊ लागला, आणि मुक्ता त्याच्यासाठी वाडग्यात पाणी भरून ठेवू लागली.

पुढे एका पालकाने विचारलं — कुत्रा चावला तर? रास्त प्रश्न होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, रीतसर प्रशिक्षण घ्या, प्रमाणपत्र आणा, मग खुशाल आणा त्याला. आजारी माणसांजवळ, मुलांजवळ बसायला कुत्रे तयार करणारी मंडळी पुण्यात आहेत, हे लतानेच शोधून काढलं. मी जाते, म्हणाली. मी हसलो. शिकवणं कुणाचं काम? माझं. बंड्याला व्हॅनमध्ये घातलं आणि मीच गेलो.

तिथे पहिल्या दिवशीच जरा बिनसलं. कुत्रा राहिला बाजूला, आम्हा माणसांनाच बसवून शिकवायला लागले. कुत्रा उगाच जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो — म्हणजे तो सांगतोय की आता पुरे. ते ओळखायचं आणि त्याला तिथून बाजूला घ्यायचं. त्याच्या वतीने तुम्हीच बोलायचं. बाकीचे लिहून घेत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. कुत्र्याची जांभई मला शिकवता?

परीक्षेच्या दिवशी बंड्याने काय केलं ते सांगतो, कारण हे कधीच कुणी ऐकलेलं नाही. वाटेत बिस्किटं टाकलेली होती — त्याने हुंगलीसुद्धा नाहीत. शेजारी काठी आदळली, चाकांची खुर्ची अंगाला घासून गेली. तो उभा राहिला. अनोळखी बाईने कान ओढला, शेपटी धरली; तो शांत. मी तर फुगलो होतो. शेवटी एक माणूस रुग्ण बनून बसला होता. मोठमोठ्याने खोकत त्याने बंड्याला गच्च मिठी मारली. बंड्याने तोंड फिरवलं. जांभई दिली. मग माझ्याकडे पाहिलं.

आणि मी? पट्टा आखडला. दातओठ खाऊन "बस!" म्हणालो — आणि त्याची मान धरून त्या माणसाच्या मांडीवर दाबली.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तिथेच थांबवलं. मला बाजूला नेऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "सर, ही परीक्षा जोडीची असते. कुत्रा तयार आहे. तुम्ही नाही. शिकून परत या."

तर बंड्या नापास झालाच नव्हता. नापास मी झालो होतो. घरी आलो, लता दारातच उभी होती, आणि चप्पल काढता काढता मी म्हणालो — कुत्र्याला जमलं नाही.

एवढंच. किती सोपं होतं बघा. गावात पोरं बंड्याला नापास म्हणूनच हाका मारायला लागली, आणि तो शेपूट हलवत जायचा. पारावर कुणी म्हणायचं, "सर, तुमच्या हाताखाली असून नापास? लई शान्यावानी बसतंय की ते. मग कावून नापास झालं असंल?" मी म्हणायचो, जातच तशी. हो, हेही म्हणालो.

शाळेचं दार त्याला बंद झालं. एका संध्याकाळी लताने सांगितलं की मुक्ता अजून दर गुरुवारी वाडगं भरून फाटकाशी बसते. शाळा सुटली की ते पाणी लिंबाच्या बुडाशी ओतते. मी तेव्हा चहा पीत होतो. सांगायचं होतं ते त्याच क्षणी सांगता आलं असतं ना? मी चहा संपवला.

लता मात्र हटली नाही. रोज संध्याकाळी अंगणात ती बंड्याला शिकवायची — त्याला येत होतं तेच सगळं, पुन्हा पहिल्यापासून. आणि तो शिकायचा. जणू पहिल्यांदाच ऐकतोय. वर्षभराने दोघं पुण्याला गेली. मी गाडी चालवायला. बाई त्याच. त्यांनी बंड्याला ओळखलं, मलाही ओळखलं. दोघं पास झाल्यावर त्या लताला एवढंच म्हणाल्या, "कुत्रा पहिल्यापासूनच चांगला होता हो." लता परतीच्या वाटेवर म्हणाली, "केवढं मोठं मन हाय त्या बाईचं." मी गाडी चालवत राहिलो.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. लताचेही. ती अजून लोकांना कौतुकाने सांगते की नापास कुत्र्याला आपण पास केलं, आणि मी शेजारी मान डोलावतो. बंड्याचे उपकार कसे मोजू? ज्या हाताने त्याची मान दाबली, त्याच हाताखाली तो रोज येऊन झोपतो. मुक्ता आता लताचा हात धरते. बंड्याला नावाने हाक मारते. हे सगळं मला बघायला मिळालं, माझ्यासारख्याला. पण ते मधलं वर्ष मुक्ताचं होतं, आणि ते तिला परत मिळालेलं नाही.

गुरुवारी मी दोघांना शाळेत सोडतो आणि फाटकाबाहेर थांबतो. तिथला शिपाई दर वेळी विचारतो, "सर, तुमी आत कावून येत न्हाई?" मी म्हणतो, बरंय इथे, सावली आहे. मुक्ता वाडगं घेऊन धावत येते, बंड्या पाणी पितो, आणि तिघं आत जातात. मुलांजवळ जायला पास झालेला माणूस लागतो. तो आमच्या घरी लता आहे.