पुढच्या रांगेतली परगावची

आमच्या ढोलपथकात काकूंचा नियम होता, पुढच्या रांगेत फक्त नाशिकमध्ये जन्मलेले. काकू पंचवटीतल्या. ताशा त्यांचा, म्हणजे पथकही त्यांचंच, कारण ताशाने इशारा दिल्याशिवाय आमचा एक ढोल हलत नाही. मी नोकरीसाठी आलेली, अमरावतीची. चार वर्षं तिसऱ्या रांगेत बडवत होते आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. अरे, ढोल काय जन्मदाखला बघून वाजतो? पण काकूंसमोर बोलायची टाप नव्हती.

आणि शोभायात्रेचं आमंत्रण आलं ते कुठून, तर अमरावतीहून! हसावं की रडावं कळेना. सकाळी तिथे पुढच्या रांगेतल्या एका दादाने तर्रीपोह्यांवर असा आडवा हात मारला, की दुपारी तो बसमध्ये पोट धरून आडवा. काकूंनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं आणि मला पुढे उभं केलं. मी ढोल कमरेला आवळला. पाय जमिनीवर नव्हते, खरंच सांगते.

तेवढ्यात माइकवाल्याला उत्साह आला. पुढच्या रांगेने आपापला मोहल्ला सांगावा म्हणे, अस्सल नाशिककर बघू द्या लोकांना. पंचवटी झालं, भद्रकाली झालं, सिडको झालं. माइक माझ्याकडे सरकत होता आणि समोर, गर्दीत पहिल्या ओळीत, माझी सख्खी मामी. थाप मारावी तर मामी, खरं बोलावं तर पथकाची नाचक्की आणि माझी रांग गेलीच.

मी तोंड उघडायच्या आतच मामी ओरडली, "अवं माय! हे तं आमची पोरगी हाय!"

सगळा चौक हसला. माझे कान तापले. आता काकू मला सगळ्यांदेखत मागे पाठवणार, ही खात्रीच झाली. काकू ताशा सांभाळत शांतपणे पुढे आल्या, माइक हातात घेतला आणि थेट मामीकडे बघून म्हणाल्या, "असेल तुमची. चार वर्षं झाली, आता परत मिळायची नाही."

माइक देऊन त्यांनी लगेच ताशावर इशारा दिला. सगळे ढोल एकदम उठले, माझा सोडून. मला रडूच फुटलं होतं.