बंड्यांचा रकाना

आदिलाबादेत स्कूटरी वाढल्या, तेव्हाची ही गोष्ट. बाजारचौकात वाहनं उभी करायला जागा पुरेना, म्हणून आमच्या कचेरीनं ठरवलं की एक दिवस मोजणी करायची: जागा किती आणि वाहनं किती. काम माझ्या गळ्यात पडलं. मी हंगामी कारकून होतो आणि मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता.

साहेब तेलुगू, किनाऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले; त्यांच्याकडे पोळा नसतो. त्यांनी तारीख सांगितली आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पोळा होता. त्या दिवशी आमच्याकडे कुणी बैल जुंपत नाही. एरवी चौकातल्या कडुलिंबाखाली बंड्यांची, म्हणजे भाड्याच्या बैलगाड्यांची, रांग असायची; दुकानांतली पोती टेसनावर न्यायला. पोळ्याला एकही येणार नव्हती. साहेबांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि माझं तेलुगू इतकं काही मोडकं नव्हतं. पण साहेबांना मध्ये बोललेलं खपत नसे, आणि मला त्या कागदावर सही हवी होती. मी मान डोलावली.

सकाळपासून दर अर्ध्या तासाला चौकाला फेरी घातली. सायकली, स्कूटरी, रिक्षा, जीप, सगळं लिहिलं. बंड्यांच्या रकान्यात प्रत्येक वेळी शून्य. एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. तरी लिंबाखालून जाताना माझी चाल आपोआप वाढायची.

संध्याकाळी घरी आलो तर दारात आमच्या गल्लीतल्या बंडीवाल्या मामांची जोडी उभी. शिंगांना बेगड, अंगावर झूल. आईनं ओवाळून पुरणपोळी चारली. सणाच्या दिवशीही कामावर होतास का, असं मामांनी विचारलं. मी हो म्हटलं. मोजणीचा कागद माझ्या खिशात होता आणि त्यांचा बैल माझा हात चाटत होता. 

बंड्यांचा तळ वापरात नाही, असं अहवालात गेलं. दिवाळीपर्यंत बैलांचा पाण्याचा हौद फोडला आणि लिंबाखाली दोरी बांधून स्कूटर स्टँड केलं. बंड्यांना नाक्यापलीकडे जागा मिळाली. तिथवर भाडं ठरवायला कोण व्यापारी जाणार? पोती टेंपोतून जाऊ लागली. मी कायम झालो. मामांनी पुढच्या पोळ्याआधी जोडी विकून टाकली.

त्या पोळ्याला आई ताट घेऊन दारात उभी राहिली. जोडी विकल्याचं तिला ठाऊक होतं, तरी बराच वेळ उभी राहिली. तेव्हापासून पोळ्याच्या संध्याकाळी मला घुंगरं ऐकू येतात. दार उघडून बघतो, गल्लीत कुणी नसतं. बायको म्हणते, कान दाखवून घ्या. मी काही दाखवलेले नाहीत. कानाचं दुखणं नाही हे, मला कळतं.

पुढे मी स्कूटर घेतली, पण त्या स्टँडकडे फिरकायचो नाही. एकदा चौकात दुसरीकडे कुठंच जागा मिळेना, म्हणून नाइलाजानं गेलो. दोरीपाशी खाकी सदरा घालून मामा चिठ्ठ्या फाडत होते. त्यांनी मला हात केला, दोन सायकली सरकवल्या आणि माझी स्कूटर बुंध्याजवळ सावलीत लावून घेतली. मला राहवेना. म्हटलं, "मामा, ती मोजणी मी केली होती."

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "तू मोजून राह्यला होता, तवा मी बैलं धून राह्यलो होतो. तुया मायच्या दारी आनाले."