पाच महिने भाड्याचं यंत्र

कर्वेनगरच्या त्या ऑफिसात उल्का सहस्रबुद्धे यांच्या टेबलावर एक पाटी होती : ‘शंका विचारण्यापूर्वी पुस्तक उघडले होते का?’ स्वतःच्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून आणलेली. अमेरिकेतल्या पेशंटांना घरी वापरायला जी उपकरणं मिळतात, त्यांचे कोड एका जाडजूड पुस्तकात बघून लावायचे आणि विम्याकडे बिलं पाठवायची, हे काम त्या बारा वर्षं करत होत्या. त्यांच्या वाट्याला दुखऱ्या जागी हलकी वीज देणारी यंत्रं होती. यंत्राचा कोड वेगळा आणि अंगाला चिकटवायचे पॅड, वायरी या दरमहाच्या सामानाचा वेगळा. यंत्र भाड्याचं असेल तोवर पॅड भाड्यातच धरतात. विकत घेतलं की पॅडचं बिल दर महिन्याला वेगळं लावता येतं. नव्या मुलींकडून हे त्या पहिल्याच दिवशी घोकून घ्यायच्या.

आणि चुकलेल्याला सोडायच्या नाहीत. लोणी काळभोरहून निघून, स्वारगेटला बस बदलून धापा टाकत येणाऱ्या अपेक्षाला त्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, “आपण कोड वाचून लावता, की लांबून दर्शन घेऊन?” अपेक्षा गडबडली की तिच्या तोंडून गावाकडचं ‘हाय’ निसटायचं. उल्काताई ते तसंच्या तसं म्हणून दाखवायच्या. मुली हसायच्या, आणि हसवल्याचं समाधान उल्काताईंना दिवसभर पुरायचं.

जुलैतल्या एका मंगळवारी मॅनेजर वरदने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावून रेकॉर्ड केलेला एक फोन ऐकवला. नाव-गाव कापलेलं. एक म्हातारा सावकाश बोलत होता. पाच महिने पॅड आले नव्हते. जुने चिकटत नाहीत म्हणून तो ते पार्सलच्या टेपने कमरेला बांधत होता, आणि टेप काढताना कातडी सोलवटत होती. तक्रारीचा सूर नव्हताच. शेवटी जरा थांबून त्याने विचारलं, माझं काही चुकलंय का? एखादा कागद द्यायचा राहिलाय का माझ्याकडून?

वरदने स्क्रीनवर फाईल उघडली. जानेवारीतच म्हाताऱ्याने यंत्र विकत घेतलं होतं. आपल्या नोंदीत मात्र ते जूनपर्यंत भाड्याचं, त्यामुळे पॅडचं वेगळं बिल लागलंच नाही आणि बिलाशिवाय पॅड निघाले नाहीत. कोणीतरी दर महिन्याला मागची नोंद उचलून तशीच पुढे टाकली होती, असं तो म्हणाला.

उल्काताईंनी फाईल पाहताक्षणी ओळखली. दर महिन्याला नोंद कागद बघून नव्याने करायची, हा दंडक त्यांचाच. पण चारला निघायचं असलं की त्या स्वतः जुनी नोंद उचलायच्या. पाचही वेळा त्यांनीच उचलली होती. गेल्या आठवड्यात फाईल अपेक्षाकडे गेली, म्हणून वर नाव तेवढं तिचं दिसत होतं.

अपेक्षा उभी राहिली. “सर, माझीच चूक हाय बहुतेक.”

या वेळी कोणी हसलं नाही. उल्काताईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. अपेक्षाला कायम केल्याचं पत्र शुक्रवारी निघायचं होतं. ते तूर्त थांबवतो, असं वरद म्हणाला. तरीही त्या झाकणच फिरवत राहिल्या.

संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा वडील, अनंतराव, गुडघ्यावरचा पॅड तळहाताने दाबून धरून बसले होते. त्यांच्याकडेही तसलंच छोटं यंत्र होतं. नवे पॅड आणते असं सांगून उल्काताईंना पंधरा दिवस झाले होते.

“बाबा, आठवण नाही का करायची?”

“तू कामात असतेस,” ते म्हणाले. “म्हटलं, मलाच नीट लावता येत नसेल.”

उल्काताई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या.

सकाळी सगळे जमल्यावर त्या वरदपुढे जाऊन म्हणाल्या, “त्या पाचही नोंदी माझ्या आहेत. अपेक्षाने त्या फाईलला हातसुद्धा लावला नव्हता.” आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

“बरं झालं सांगितलंत,” वरद म्हणाला. “दुपारी मी जुन्या नोंदी काढणारच होतो.”

म्हणजे एवढं बळ एकवटून केलेल्या कबुलीची किंमत अर्ध्या दिवसाची. अपेक्षाचं पत्र शुक्रवारीच निघेल, असं त्याने जाहीर केलं. मुली तिच्याभोवती जमल्या. ती मात्र उल्काताईंकडे बघत होती.

“ताई, काल का नाही बोललात?”

प्रत्येक प्रश्नाला उल्काताईंकडे जिभेवर उत्तर तयार असायचं. आज त्या म्हणाल्या, “घाबरले.” अपेक्षाने मान हलवली. माफ केलं की फक्त ऐकलं, ते काही कळलं नाही.

म्हाताऱ्याची पाच महिन्यांची बिलं उल्काताईंनी स्वतः दुरुस्त केली, प्रत्येक कागद उघडून. चार वाजून गेले तरी त्या उठल्या नाहीत. तेवढ्यात अपेक्षा काहीतरी विचारायला आली आणि टेबलापासून दोन हात लांब थांबली. दोन्ही हातांत कोडचं जाडजूड पुस्तक, उघडं धरलेलं.

“पुस्तक बघितलंय, ताई,” तिने आधीच सांगून टाकलं.

“बस गं,” उल्काताई म्हणाल्या.

ती उभीच राहिली.