विलासचं गरम पाणी

पोस्टचं नाव सांगणार नाही. उत्तरेला होती, बर्फात होती, एवढं पुरे. मी तिथे लांगरी होतो, म्हणजे स्वयंपाकी. लोकांना वाटतं फौजेत सगळे बंदूकच चालवतात. अहो, त्या बंदूकवाल्यांना सकाळचा चहा कोण पाजतं? मी शेख रहीम, बार्शीटाकळीचा. हवालदार होऊन पेन्शनीत आलो, आता अकोल्यात खानावळ चालवतो.

त्या पोस्टवर वऱ्हाडातला दुसरा माणूस एकच. नाईक विलास गावंडे, दर्यापूरचा. पहिल्याच दिवशी माझी डाळ ताटात हलवून म्हणाला, "रहीमभाऊ, हे डाळ आहे का नदी?" मी पळी उगारली. तिथून दोस्ती झाली. पंजाबी, डोगरी बोलणाऱ्या जवानांत आमची वऱ्हाडी फक्त आम्हा दोघांनाच कळायची, त्यामुळे सुभेदार साहेबांची थट्टाही आम्ही त्यांच्यासमोरच करून घ्यायचो.

पहाटे उठून हमाम पेटवणं माझं काम. हमाम म्हणजे आपल्या घरच्या बंबाचा मोठा भाऊ. वरून बर्फ टाकायचा, खाली रॉकेल जळतं, नळातून गरम पाणी येतं. रॉकेल कोणाच्या तरी पाठीवरून वर आलेलं असायचं, म्हणून आंघोळीला पाळ्या होत्या. आठवड्यातून एकदा, तीही घाईत. पण विलास रोज बादली घेऊन हजर. मग दिवसातून दोनदा. आम्ही त्याला नवरदेव म्हणायला लागलो. तो हसायचा आणि बादली पुढे करायचा, आणि गाववाला म्हणून मी भरून द्यायचो.

थंडी वाढली तशा त्याला सकाळी उलट्या सुरू झाल्या. पोटात मुरडा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि खाल्लेलं सगळं बाहेर. बोट कुठे जाणार? लंगरवर, म्हणजे स्वयंपाकघरावर. माझ्या लंगरवर! बाकीचे सगळे तेच जेवून ढेकर देत होते, पण ते कोणी बघेना. मी भांडी उकळून काढली, मिरची बंद केली, विलासचा घरून आलेला ठेचा जप्त केला. नर्सिंग असिस्टंटने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. फरक शून्य. शिवाय विलास पहाऱ्यावरचा पासवर्ड विसरायचा, छाती धडधडते म्हणायचा. ते आम्ही उंचीच्या नावावर टाकलं. वर गेलं की सगळ्यांचंच थोडंफार तसं होतं.

मग बर्फाने वाट बंद झाली. हेलिकॉप्टर येण्यासारखी हवा नव्हती. आणि विलासच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. डोळे आत गेले, ओठ फाटले, लघवी जवळजवळ बंद झाली. सलाईनच्या बाटल्या मोजक्याच होत्या. सुभेदार साहेबांनी बटालियनच्या डॉक्टरना, कॅप्टन मॅडमना, वायरलेस सेटवर घेतलं. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी आवाज आला, लांगरीला बोलवा.

मी ॲप्रन काढला. मनात जबाब तयार केला: सगळ्यांना एकाच पातेल्यातलं जेवण दिलं, डाळ ताजी, पाणी उकळलेलं. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत सांगतो.

"लांगरी, हमाम सगळ्यात जास्त कोण वापरतं? ओवर."

मी गडबडलो. "नाईक विलास, मॅडम. ओवर."

"गरम पाणी अंगावर घेतलं की उलटी थांबते का? ओवर."

थांबायची खरी. तेवढ्या वेळापुरता त्याचा चेहरा माणसात यायचा. रोज बघत होतो मी. "थांबते, मॅडम. ओवर."

"मग त्याला विचारा, गांजा किती वर्षं ओढतो. तुम्ही गाववाले आहात, तुम्हीच विचारा. ओवर."

मी त्याच्या स्लीपिंग बॅगजवळ बसलो. सरळ विचारलं. त्याने तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "त्यानंच तर बरं वाटते, रहीमभाऊ. औषध आहे थे. झाडपाला."

खालच्या कॅम्पच्या वाटेवर भांग, म्हणजे गांजाचंच झाड, आपल्याकडच्या गाजरगवतासारखी माजलेली असते. झोप येत नाही म्हणून सुरू केलं, मग रोजचं झालं, अशी कैक वर्षं गेली. उलट्या लागल्यावर तर त्याने आणखी वाढवलं, कारण त्याला वाटायचं उलटीवर तेच औषध आहे. बर्फातल्या जाड कोटाच्या अस्तरात पुडी शिवलेली होती. माझं डोकं फिरलं.

"झाडपाला तर धोतराही आहे बे," मी म्हटलं. "खातं का?"

तो हसला. हसताना ओठातून रक्त आलं. मग म्हणाला, "मरतो का मी?"

"माझ्या लंगरचं नाव खराब करून मरू देतो का तुले?"

पुडी सुभेदार साहेबांच्या हातात दिली. मॅडमच्या सांगण्यावरून मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत बसलो. साहेबांनी हमाम चालू ठेवायला सांगितला, आणि ज्या जवानांनी माझ्या डाळीला नावं ठेवली होती त्या सगळ्यांनी आपापल्या आंघोळीच्या पाळ्या विलासला दिल्या. हवा उघडली तसं हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं.

पुढे मॅडमनी मला नीट समजावलं. थोड्या गांजाने मळमळ दबते, म्हणून माणूस फसतो. रोज, वर्षानुवर्षं ओढला की काहींचं पोटच उलटं फिरतं. गरम पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आतलं पाणी संपत जातं आणि किडन्या बसतात. इलाज एकच, सोडणं. परत ओढला की परत तेच.

विलासचं प्रमोशन गेलं. त्याने तक्रार केली नाही. गांजा सोडला आणि अंगाने भरला. पेन्शनीत आल्यावर दरवर्षी दर्यापूरहून घरच्या तुरीची डाळ घेऊन खानावळीत यायचा. "घे. आता तरी नदी नको करू." मी मुद्दाम पातळ करायचो. तो दोनदा मागून घ्यायचा. माझा जीव होता त्याच्यावर, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही कारण त्याने टिंगल केली असती.

गेल्या हिवाळ्यात सुनंदावहिनींचा, म्हणजे विलासच्या बायकोचा, फोन आला. "रहीमभाऊ, यायले काही पचूनच नाही राहिलं. ॲसिडिटी सांगतली डॉक्टरनं. आन न्हाणीतून बाहेरच येत नाईत. गरम पाणी दे, गरम पाणी दे, एवढंच चालू आहे."

हातातली पळी खाली ठेवली. म्हटलं, वहिनी, आत्ताच्या आत्ता अमरावतीला न्या, डॉक्टरला गांजाचं सांगा, मी निघालो. "कसला गांजा?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीतच नव्हतं.

अमरावतीला पोचलो तेव्हा किडन्यांनी हात टेकले होते. विलासने माझं मनगट धरलं. "थोडासाच होता, रहीमभाऊ. झोपीसाठी." मी त्याला एक शिवी दिली आणि रडलो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पलटनीच्या स्मारकावर शहिदांची नावं आहेत. त्यात विलास गावंडेचं नाव नाही आणि कधी येणारही नाही. नियम बरोबर आहे. मी मात्र ती नावं मनात म्हणतो तेव्हा शेवटी त्याचं घेतो.

दर्यापूरला अंगणात तीन दगड मांडून शेजारची पोरं पाणी तापवत होती. नेण्याआधी विलासला आंघोळ घालायची होती. मी त्यांना बाजूला केलं. म्हटलं, हे माझं काम आहे. विलासच्या थोरल्या भावाने मान डोलावली. पातेल्यात कोपर बुडवून पाहिलं. कोणालाही चाललं असतं असं पाणी होतं. विलासला नेहमी त्याहून गरम लागायचं. मी आणखी एक लाकूड आत सारलं आणि पाणी तापायची वाट बघत बसलो.